घोड्याच्या घरातलं प्यादं

मी बुद्धिबळ खेळते हे कळलं की लोक विचारतात, एवढा वेळ कुठून काढता. मला या प्रश्नाचा राग येतो. वेळ काय कपाटात घडी घालून ठेवलेला असतो, की हवा तेव्हा काढावा? मी वेळ चोरते. चहाला उकळी येईपर्यंतचा चोरते, आबा म्हशींची धार काढत असतात तेवढ्यातला चोरते, आणि सगळ्यात जास्त चोरते तो किर्लोस्करवाडीहून विश्रामबागला जाणाऱ्या पॅसेंजरमधला.

कुंडलला आमचं घर, थोडा ऊस आणि दोन म्हशी. नवरा जयराज फौजेत, सध्या राजस्थानात. घरात मी, दहावीतली मुलगी रेश्मा आणि माझे सासरे लालासाहेब. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. तेही फौजेतलेच, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी विश्रामबागेत एका विमा कार्यालयात क्लार्क आहे. दिवसभर लोकांच्या मरणाचे आणि अपघातांचे कागद तपासायचे, संध्याकाळी येऊन भाकरी थापायच्या, आणि त्याच्या मध्ये जिथं फट सापडेल तिथं चौसष्ट घरं.

गाडीत खिडकी मिळाली की मी फोनवर कोडी सोडवते. पट मांडलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, पांढऱ्याची चाल, जिंका. एका सकाळी असंच एक कोडं आलं. पांढऱ्याचा राजा पार कोंडलेला होता. मला वाटलं, कोडं करणाऱ्याचंच काहीतरी चुकलंय. भिलवडी गेलं, नांद्रे गेलं, आणि एकदम दिसलं. आपला वजीर फुकट देऊन टाकायचा होता. तो त्यांनी मारला की मागं उरलेला एक उंट आणि एक मरतुकडं प्यादं मिळून मात करत होती. मी इतकी थक्क झाले की शेजारच्या बाईंना फोन दाखवला. त्यांनी तो बघितला आणि मुलांना असलं काही देऊ नका, डोळे जातात, असं सांगितलं. मी पुन्हा पुन्हा तेच बघत बसले आणि उतरायचं विसरले. मिरजेहून परत फिरून आले, तर साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. गाडी लेट होती म्हणून सांगितलं. गाडी बिचारी अगदी वेळेवर होती.

माझं माहेर म्हसवडचं. लहानपणी सिद्धनाथाच्या गाभाऱ्यासमोर गेलं की कुणी न सांगता गप्प व्हायला व्हायचं. चांगली चाल दिसली की मला अजून तसंच होतं. हे मी घरी कुणाला सांगत नाही, कारण रेश्मा हसते.

बुद्धिबळ मला आबांनी दिलं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या आणि जयराज सुटी संपवून लगेच गेला. नव्या सुनेशी काय बोलावं हे आबांना सुचेना, तेव्हा त्यांनी पट काढला. ते त्यांच्या वडिलांकडून शिकलेले, म्हणून त्यांचे नियम जुने, देशी. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालणार. राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी. आणि सगळ्यात मोठा फरक असा की प्यादं शेवटच्या ओळीला पोचलं की त्याचा हवा तो मोहरा करता येत नाही. ज्या घरात ते पोचतं त्या घरात डाव सुरू होताना जो मोहरा असतो, तोच त्याचा होतो. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. वजीर पाहिजे असेल तर मधल्या दोन पट्ट्यांतून, वजिराच्या नाहीतर राजाच्या घरापर्यंत जाऊन दाखवा.

बाहेर, म्हणजे स्पर्धांमध्ये, प्यादं कुठंही पोचलं तरी हवा तो मोहरा घेता येतो आणि सगळे डोळे झाकून वजीर घेतात. हे मला फोनवर खेळायला लागल्यावर कळलं. तेव्हापासून आमच्या शेडात भांडण सुरू झालं. गोठ्याशेजारी आमचं पत्र्याचं शेड आहे, तिथं आम्ही खेळतो. आवं आबा, जगात असं कुणी खेळत नाही, असं मी म्हणायची. जगाला आमच्या शेडात येऊन खेळू दे मग बघू, असं ते म्हणायचे. एकदा मी फारच वाद घातला तेव्हा त्यांनी मला समजावलं.

"प्यादं ज्या वाटंनं चालत जातंय त्या वाटंचंच हुतंय, पोरी. कुंडलचं पोरगं मिलिटरीत गेलं म्हनून काय लगीच कर्नल हुतंय व्हय?"

पण या नियमामुळं आमचे डाव संपता संपत नसत. बाहेर वजीर झाला की डाव पाच मिनिटांत उरकतो. आमच्याकडं पटावर दोन राजे, एखाद दुसरं प्यादं आणि नवा झालेला घोडा, एवढंच उरायचं आणि तिथून खरी लढाई सुरू व्हायची. त्यात आबांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्यांचा घोडा भलतीकडं निघालाय असं वाटायचं, मी खुशीत यायची, आणि मग तो माझ्या प्याद्याच्या उरावर येऊन बसायचा. मला राग यायचा. पण रागाच्या खाली दरवेळी आश्चर्य असायचंच. एवढ्याशा लाकडाच्या तुकड्यात एवढं मावतं कसं, या विचारात मी म्हशींना वैरण टाकायची.

आता मला काय हवं होतं ते सांगते. मला रेटिंग हवं होतं. रेटिंग म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक यादीत तुमचं नाव आणि त्यापुढं एक आकडा. हल्ली शाळकरी पोरांनाही असतो. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला तो कशाला हवा, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारलाय. मला एवढंच वाटायचं की ज्या गोष्टीपुढं मी इतकी वर्षं थक्क होऊन उभी आहे, तिच्या दारात माझी निदान एक चप्पल तरी असावी. दोन स्पर्धा खेळून झाल्या होत्या आणि दोन्हीतून मी हात हलवत परत आले होते.

अडचण सुटीची होती. जयराज वर्षातून एकदा मोठ्या सुटीवर येतो, आणि तेव्हा माझी सुटी संपलेली असते, कारण ती स्पर्धांनी खाल्लेली असते. मागच्या खेपेला तो घरी बसून होता आणि मी रोज पॅसेंजरनं ऑफिसला जात होते. तो भांडला नाही. भांडला असता तर मीही भांडले असते आणि दोघं मोकळे झालो असतो. परत गेल्यावर फोनवर शांतपणे म्हणाला, साताऱ्याची स्पर्धा खेळ. रेटिंग मिळालं तर पुढचं पुढं बघू, आणि नाही मिळालं तर तुझी सुटी घराची. मी कबूल केलं, कारण त्याचं म्हणणं रास्त होतं आणि रास्त म्हणण्याशी मला भांडता येत नाही.

साताऱ्याच्या आधी मी आबांना सांगून टाकलं की आता स्पर्धा होईपर्यंत आपण खेळायचं नाही. तुमच्या नियमांनी माझा हात बिघडतो. आबांनी माझ्याकडं बघितलं, बरं म्हणाले आणि पट मिटला. आबा आयुष्यात कशालाही नुसतं बरं म्हणत नाहीत. मला जरा चुकल्यासारखं झालं, पण डोक्यात सातारा होता.

स्पर्धा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या एका मंगल कार्यालयात होती. व्यासपीठावर आदल्या लग्नातल्या झेंडूच्या माळा अजून लटकत होत्या आणि खाली ओळीनं पट मांडलेले. घड्याळं सुरू करा म्हणून पंचांनी सांगितलं आणि सगळं कार्यालय एका दमात गप्प झालं. एवढी माणसं एका जागी इतकी गप्प मी फक्त मयतीला बघितली होती, आणि इथं तर कुणी दुःखात नव्हतं. शाळकरी पोरी, बँकेतून सुटी काढून आलेले, रिक्षा बाहेर लावून आलेला एक जण, सगळे खाली मान घालून त्या चौसष्ट घरांत उतरलेले. ऐकू येत होते ते फक्त घड्याळांचे खटके. मला माझी पहिली चाल करायचं भानच राहिलं नाही.

काही जिंकले, काही हरले. एक डाव इतक्या मूर्खपणानं हरले की त्याबद्दल बोलायची माझी तयारी नाही. शेवटच्या फेरीआधी मी पंचांकडं गेले. त्यांनी आकडेमोड करून सांगितलं की यादीत जायला जो किमान आकडा लागतो तो डाव बरोबरीत सुटला तर गाठला जाणार नाही. शेवटचा डाव जिंकला तर रेटिंग, नाहीतर नाही. मग मी भिंतीवरच्या कागदावर माझ्यासमोर कुणाचं नाव आलंय ते बघितलं.

रामगोंडा पाटील. सांगलीकडचे द्राक्षबागायतदार, साठी ओलांडलेले. सांगली जिल्ह्यात पटावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत आहे. एरवी ते पहिल्या पटांवर असतात. पण या खेपेला बागेत औषध मारायचं काम आलं म्हणून ते पहिल्या दिवशीचे डाव सोडून गावी गेले होते, आणि ते गुण गेल्यामुळं घसरत माझ्यापर्यंत आले होते. खुर्चीखाली डबा ठेवून ते बसले. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून डबा बरोबर असतो, असं त्यांनी मला आपणहून सांगितलं आणि हात मिळवला. हात शेतकऱ्याचा होता, कडक.

डावाबद्दल एवढंच सांगते की मी माझ्या कुवतीपेक्षा चांगली खेळले. का, ते मला माहीत नाही. अधूनमधून असा एखादा दिवस येतो की मोहरे आपणहून कुठं जायचं ते सांगतात. मधल्या गर्दीतून मी एक प्यादं जास्त घेऊन बाहेर पडले. मग पाटलांनी स्वतःहून वजिरावजिरी केली, माझा वजीर मारून स्वतःचा मारू दिला. मला वाटलं, एवढा मोठा खेळाडू, आणि असं कसं केलं? एक प्यादं कमी असताना कुणी वजीर काढून टाकतं का? मला तेव्हा कळायला हवं होतं की असा माणूस उगाच काही करत नाही.

शेवटी पटावर दोघांचे राजे, माझी दोन प्यादी आणि त्यांचं एक, एवढंच राहिलं. त्यांचं प्यादं कडेच्या पट्टीत होतं आणि माझ्या एका प्याद्यानं ते समोरून अडवलेलं होतं. माझं दुसरं प्यादं शेजारच्या पट्टीतून पुढं पुढं गेलं. त्यांचा राजा कडेला सरकत सरकत त्यांच्याच प्याद्याच्या मागं जाऊन उभा राहिला. माझा राजा माझ्या प्याद्याच्या बगलेत. आता प्यादं शेवटच्या घरात ढकलायचं, वजीर करायचा, आणि रेटिंग. घड्याळावर माझा वेळ संपत आला होता, प्रत्येक चालीला जे थोडे सेकंद वाढवून मिळतात त्यांवरच मी जगत होते. मला जयराजला फोन करताना मी काय बोलणार ते ऐकू येत होतं.

मारले गेलेले माझे पांढरे मोहरे पाटलांच्या बाजूला ओळीनं उभे होते. मी प्यादं उचललं, हात लांब केला, मोहरा घेतला, घरात ठेवला आणि घड्याळ दाबलं. मग मी बघितलं. घरात घोडा उभा होता.

घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं, म्हणून घोडा. माझ्या डोक्यानं वजीर म्हटलं होतं आणि हातानं शेडातला नियम पाळला होता. मोहरा घराला टेकला की बदलता येत नाही. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मनातल्या मनात मी आबांना जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. वर्षभराची सुटी, पॅसेंजरमधली सगळी कोडी, आणि मिरजेपर्यंत फुकट केलेला तो प्रवास, सगळं एका लाकडी घोड्यावर बसून निघून चाललं होतं. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता.

पाटील पटाकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला आणि पुन्हा बघितलं. मला वाटलं, कीव करतायत. त्यांनी राजा एक घर मागं घेतला, तेव्हा कुठं मला कळलं की माझा घोडा शह देत होता.

आणि मग मला पटावर काय उरलंय ते दिसलं. दोन राजे, एकेक प्यादं आणि एक घोडा. ही जागा माझ्या ओळखीची होती. इथं मी कितीतरी संध्याकाळी आबांकडून मार खाल्ला होता. साताऱ्याच्या त्या कार्यालयात पुष्कळ चांगले खेळाडू बसले होते, पण नवीन झालेला घोडा घेऊन एवढ्या रिकाम्या पटावर सारखं सारखं बसलेलं माझ्याशिवाय तिथं कुणी असेल असं मला वाटत नाही. बाहेर हे कुणाच्या वाट्याला येतच नाही.

मी श्वास घेतला आणि आबांसारखी खेळायला लागले. एक शह दिला, मग घोडा भलतीकडं लांब नेला. पाटलांच्या राजाला त्या दोन घरांत येरझाऱ्या घालण्याखेरीज काही करता येईना. घोडा खालून वळसा घेऊन आला, त्यानं पुन्हा शह दिला, राजाला प्याद्यापासून बाजूला काढलं, आणि माझा राजा आत शिरला. त्यांचं प्यादं पडलं. आपला हात आपण चालवत नाही आहोत, कुणीतरी मागून धरलाय, असं वाटत होतं. भीती नव्हती, राग नव्हता, नुसतं नवल वाटत होतं. पाटलांनी घड्याळ थांबवलं आणि हात पुढं केला. मी जिंकले होते.

मला माफी मागावीशी वाटत होती. पण त्यांनी निकालाच्या कागदावर सह्या होऊ दिल्या आणि मग मोहरे मागं लावत लावत तीच जागा पुन्हा मांडली, घोडा ठेवला ती.

"बाई, ह्ये तुमाला कवा दिसलं?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी घोडा उचलला, त्या जागी वजीर ठेवला आणि म्हणाले, "आता ही काळ्याची चाल. खेळा."

मी पटाकडं बघितलं. काळा राजा पुढं जाऊ शकत नव्हता, तिथं त्यांचं स्वतःचं प्यादं होतं. ते प्यादं हलू शकत नव्हतं, समोर माझं होतं. बाजूची सगळी घरं माझ्या राजानं, प्याद्यानं आणि या नव्या वजिरानं धरली होती. आणि राजाला शह नव्हता. शह नाही आणि हलायला घर नाही, म्हणजे डाव तिथंच बरोबरीत सुटला. ज्या वजिरासाठी मी जीव टाकत होते, तो ठेवला असता तर मी रेटिंग घालवून बसले असते.

"वजिरावजिरी केली तवाच मी ह्ये मनात धरून ठेवलं हुतं," पाटील म्हणाले. "हत्ती ठेवला असता तरी तुमी जिंकला असता. पर हत्ती कोन ठेवतंय? समदे वजीर ठेवत्यात, आनि मी सुटतो. तुमी घोडा ठेवला, आनि त्ये बी झटक्यात."

ती जागा माझ्या समोर होती, मी तिच्यात बसले होते, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. ही सगळी घरं, हे सगळे रस्ते, ही बरोबरी आणि हा विजय माझ्या आधीपासून तिथं होते आणि माझ्या नंतरही तिथंच असणार होते. मला माझा आनंद सापडेना. जिंकल्याचा आनंद त्या मोठ्या गोष्टीपुढं कुठंतरी बारीक होऊन बसला होता.

मी त्यांना खरं सांगितलं. दिसलं नव्हतं, हात चुकला. आमच्या घरी घोड्याच्या घरात गेलेल्या प्याद्याचा घोडाच होतो, सासऱ्यांचा नियम आहे. मला वाटलं आता हे चिडतील, निदान हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी तो वजीर पटावरून उचलून बाजूला ठेवला.

"माजा बा बी तसंच खेळायचा," ते म्हणाले. "मी शिकाय सांगलीला ग्येलो, आनि परत येऊन त्याला म्हनलं, तुजं समदं चुकीचं हाय. त्यानं माज्यासंगं परत पट मांडला न्हाई."

मग त्यांनी खिडकीकडं बघितलं, ऊन उतरलं होतं. खुर्चीखालचा डबा काढला आणि झाकणात एक भाकरी माझ्यापुढं ठेवली. खाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, आबांनी पट मिटताना म्हटलेलं ते बरं.

मी एसटीनं कुंडलला पोचले तेव्हा रात्र झाली होती. शेडात आबा आणि रेश्मा पट मांडून बसले होते, आणि रेश्मा वैतागलेली होती. मग कळलं, मी साताऱ्याला गेल्यापासून, किंबहुना त्याच्याही आधी मी ऑफिसात असताना, आबा तिच्याकडून बाहेरचे नियम शिकत होते. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, राजाला उडी नाही, आणि शेवटच्या घरात काय वाटेल ते. आबांना ते पटत नव्हतं आणि लक्षातही राहत नव्हतं. तरी ते शिकत होते, म्हणजे माझा हात बिघडू नये. शहात्तराव्या वर्षी, ज्या माणसानं बटाट्याची भाजीसुद्धा नव्या पद्धतीनं केलेली चालवून घेतली नाही, तो माणूस. मी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बसले.

मी त्यांना सगळं सांगितलं, पटावर मांडून दाखवलं. वजीर ठेवून दाखवला, मग घोडा. आबांनी दोन्ही वेळा वाकून बघितलं आणि विचारलं, "म्हंजी मी ह्ये नवं उगाच शिकलो म्हन की." मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं, आणि रेश्मा आमच्या दोघांकडं बघून अभ्यासाला निघून गेली.

तेवढ्यात जयराजचा फोन आला. रेटिंग मिळालं का, हे त्यानं पहिल्या वाक्यात विचारलं. मी म्हणाले, मिळालं, पण चुकून. मग त्यालाही सगळं सांगितलं. तो मनापासून हसला. हसून झाल्यावर म्हणाला, अर्धा थट्टेत आणि अर्धा खरा, की चुकून मिळालेलं धरायचं का मग? ठरलं होतं ते खेळून मिळवायचं. सुटीचं काय करायचं ते सांग. हाच प्रश्न साताऱ्यापासून माझ्या शेजारच्या सीटवर बसून आला होता.

आबांनी हात पुढं केला आणि फोन घेतला.

"जयराज, ऐक. लग्नात हळद उतरायच्या आत तू सुटी संपली म्हनून ग्येलास. ही तवा रडली न्हाई. माज्यासमोर पट मांडून बसली. ती आजून बसलीया, रं. तिची सुटी तिला र्‍हाऊ दे. बायकूसंगं र्‍हायाचं असंल तर तुजी वाढवून घे."

फोन माझ्या हातात देऊन ते म्हशींकडं गेले. मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो म्हणाले.

"आहे मी," तो म्हणाला. "उद्या अर्ज टाकतो सुटी वाढवायचा." मग म्हणाला, "आल्यावर मला शिकव. आबांनी मला कधी शिकवलंच नाही. मी लहान होतो तेव्हा त्यांनाही सुटी मिळत नव्हती."